निद्रानाशाची चिकित्सा : अनुभवाकडून प्रमाणाकडे

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील अकराव्या अध्यायात आहार व ब्रह्मचर्य यांच्यासह निद्रेची गणना तीन उपस्तंभांत केली आहे. त्याच अध्यायात आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान व युक्ती ही चतुर्विध परीक्षाही सांगितली आहे. तारापूर औद्योगिक वसाहतीतील पाळीच्या कामगारांवर चिकित्सा करणाऱ्या बोईसर-पालघर परिसरातील वैद्यांना या दोन्ही गोष्टींचा एकत्र विचार करणे अगत्याचे आहे. ‘दहापैकी सात रुग्णांना गुण आला’ हा अनुभव मोलाचा खरा. परंतु तो प्रमाण केव्हा ठरतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

गुण कशामुळे आला?

झोप, चिंता, मानसिक ताण यांच्या तक्रारी स्वभावतःच कमीअधिक होतात. रुग्ण बहुधा त्रास पराकोटीला पोहोचल्यावर येतो. त्यानंतर काही उतार औषधाविनाही पडतो. रात्रपाळीत आलेल्या कामगाराची पाळी पुढील आठवड्यात बदलते आणि झोप सुधारते. श्रेय मात्र चूर्णाला मिळते. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी भागात भूकंपाचे लहान धक्के वारंवार जाणवू लागले. अशा भीतीच्या काळात सुरू केलेली चिकित्सा धक्के थांबल्यावर यशस्वी भासणे स्वाभाविक आहे. शिवाय आपल्याकडे कोणी लक्ष देत आहे, या जाणिवेनेही वर्तन बदलू शकते. अमेरिकेतील हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात झालेल्या अभ्यासांवरून ही चर्चा सुरू झाली. त्या निष्कर्षांवर पुढे आक्षेपही घेतले गेले.

तुलना व मोजमाप

यास्तव नियंत्रण गट हवा. कोणता रुग्ण कोणत्या गटात जाईल हे वैद्याने न ठरवता चिठ्ठी टाकून ठरवावे. अन्यथा सौम्य विकाराचे रुग्ण नकळत औषधाच्या गटात जातात. दोन्ही गटांत रात्रपाळीचे कामगार सारख्या प्रमाणात असावेत. येथे औषधनिर्मात्यांचे सहकार्य मोलाचे ठरते. संपूर्ण अभ्यासासाठी एकाच घाणीचे औषध, त्याच रंग-गंधाचे निष्क्रिय द्रव्य आणि केवळ सांकेतिक क्रमांक असलेली पाकिटे त्यांनी पुरवावीत. संकेतांची यादी तिसऱ्या व्यक्तीकडे मोहोरबंद राहावी.

‘बरे वाटते’ हे मोजमाप नव्हे. निद्रानाशाची तीव्रता मोजण्यासाठी सात प्रश्नांची, ० ते २८ गुणांची श्रेणी प्रचलित आहे. मराठी भाषांतर वापरताना ते येथील कामगाराला समजते काय, आणि त्याच रुग्णाला थोड्या दिवसांनी पुन्हा विचारल्यास गुण जवळपास तेच येतात काय, हे आधी तपासावे.

२०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात ताणग्रस्त ६४ प्रौढांना दोन गटांत विभागून ६० दिवस अश्वगंधामुळाचा अर्क किंवा निष्क्रिय द्रव्य देण्यात आले. निष्कर्ष अर्काच्या बाजूने होता. तथापि तो विशिष्ट अर्काचा, विशिष्ट मात्रेचा आहे. आपल्या औषधालयातील चूर्णाला तो जसाच्या तसा लावता येत नाही.

आकडे काय सांगतात?

समजा, औषधगटातील २० पैकी १२ व नियंत्रण गटातील २० पैकी ९ रुग्ण सुधारले. औषध निरुपयोगी असले तरीही एवढा किंवा याहून मोठा फरक केवळ योगायोगाने १०० पैकी ३० हून अधिक वेळा दिसू शकतो. हेच प्रमाण प्रत्येकी २०० रुग्णांत, म्हणजे १२० व ९० असे आढळल्यास ती शक्यता १०० मध्ये एकाहूनही कमी होते. म्हणून रुग्णसंख्या आधीच ठरवावी आणि अभ्यास सोडून गेलेल्यांचीही नोंद द्यावी. पहिल्या उदाहरणाच्या आधारे वेष्टनावर ‘६० टक्के गुणकारी’ असे छापणे ही ग्राहकाची दिशाभूल होय.

नीतीची बंधने

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार नीतिसमितीची पूर्वमान्यता आवश्यक आहे. चिकित्सा-परीक्षणांच्या नोंदणीसाठी २००७ पासून राष्ट्रीय नोंदवही उपलब्ध असून पहिला रुग्ण घेण्यापूर्वीच तीत नोंद करावी. संमतिपत्र रुग्णाच्या भाषेत असावे. परप्रांतीय कामगाराकडून मराठी कागदावर घेतलेली सही म्हणजे संमती नव्हे.

कारखान्यात शिबिर भरवल्यास व्यवस्थापकासमोर नकार देणे कामगाराला अवघड जाते. म्हणून संमती एकांतात घ्यावी. कोणाला झोप येत नाही, कोण चिंताग्रस्त आहे, ही माहिती व्यवस्थापनाकडे जाता कामा नये. त्यावर त्या माणसाची नोकरी अवलंबून असू शकते. तसेच ग्लानी आणणारे औषध घेऊन कामगार यंत्रासमोर उभा राहणार आहे काय, हे विचारल्याखेरीज मात्रा ठरवू नये. चालू असलेली मानसोपचाराची औषधे अभ्यासासाठी बंद करू नयेत. आत्मघाताचे विचार व्यक्त करणाऱ्या रुग्णास कोणत्याही गटात न ठेवता तत्काळ मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवावे. टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांकही द्यावा.

एकट्या वैद्याला मोठा अभ्यास झेपणार नाही. परंतु पाच-सहा चिकित्सालयांनी एकच नोंदपत्रक, एकच श्रेणी व एकाच घाणीचे औषध स्वीकारल्यास पुरेशी रुग्णसंख्या मिळू शकते. अशा अभ्यासात औषधाचा गुण दिसला नाही, तरी तो निष्कर्षही प्रसिद्ध करावा. रात्रभर जागून आलेल्या कामगाराने ज्या औषधासाठी पैसे मोजायचे, त्याविषयीचे सत्य जाणण्याचा त्याला अधिकार आहे.