कॅमेऱ्यातली दुधी काच

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. अब्बांच्या कॅमेऱ्याची जुनी पन्नास मिलिमीटरची लेन्स मी जोडरिंग लावून माझ्या डिजिटल कॅमेऱ्याला बसवली आणि अम्मीचा फोटो काढायला बसलो. संध्याकाळचा उजेड, खिडकीजवळची खुर्ची. कॅमेऱ्यातून चेहरा लख्ख दिसत होता. संगणकावर पाहिले, तर कानातली बाळी रेखीव आणि डोळे धूसर! दहा फोटो काढले, बहुतेक तसेच. वाटले, पन्नाशी आली, आपली नजर गेली.

आमच्या छत्रपती संभाजीनगरात गुलमंडीजवळ कॅमेरे दुरुस्त करणारे एक उस्ताद होते. ते म्हणाले, "शायरसाहेब, डोळ्यांना दोष देऊ नका. आतली काच बदला."

ही काच म्हणजे फोकसिंग स्क्रीन. अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी १८४४ मध्ये नेमले गेलेले रॉबर्ट गिल पुढे लेण्यांचे फोटोही काढू लागले. त्या काळच्या कॅमेऱ्याला मागे दुधी काच असे. काळ्या कापडाखाली डोके घालायचे, काचेवरची उलटी प्रतिमा पाहायची आणि ती रेखीव होईपर्यंत लेन्स मागेपुढे करायची. आरसा असलेल्या कॅमेऱ्यात हीच काच लहान होऊन आरशाच्या वर बसली. लेन्समधून आलेला प्रकाश आरशावरून तिच्यावर पडतो आणि तिथे उमटलेले चित्र आपण पाहतो.

जुन्या कॅमेऱ्यांत या काचेच्या मधोमध एक छोटे वर्तुळ असे. त्यात विरुद्ध दिशांना कललेले दोन लोलक. फोकस चुकला की उभी रेघ मधेच तुटलेली दिसे; जुळला की सांधली जाई. अंदाजाचे काम नाही. १९५९ च्या निकॉन एफमध्ये तर कामानुसार काच बदलता येई.

मग १९८५ मध्ये मिनोल्टा ७००० आला आणि स्वयंचलित फोकसचे युग सुरू झाले. आरशातला थोडा प्रकाश त्या यंत्रणेकडे वळू लागला. उरलेल्यात चित्र उजळ दिसावे म्हणून काच गुळगुळीत केली गेली. वर्तुळही गेले. पण उजळ काच सगळे खरे सांगत नाही. पूर्ण उघडलेल्या लेन्सने एक मीटरवरून फोटो काढला, तर रेखीव पट्टा जेमतेम चार सेंटीमीटरचा असतो. काचेवर मात्र तो त्याहून रुंद भासतो. डोळा फसतो तो इथे.

उस्तादांनी लेन्स काढली, आरशाच्या वरची तारेची चाप सोडवली आणि चिमट्याने काच अलगद खाली घेतली. वर्तुळवाली नवी काच फक्त कडेला धरून बसवली. बोट लागले तर डाग पडतो, फडक्याने पुसले तर ओरखडा उठतो. धूळ फुंकणीनेच उडवायची. आरशापासून काचेचे आणि सेन्सरचे अंतर तंतोतंत सारखे लागते. थोडा फरक राहिला तर रेघ जुळूनही फोटो धूसर येतो. त्यासाठी त्यांनी काचेखाली पातळशी पत्री घातली, भिंतीवरच्या कॅलेंडरचा फोटो काढून पाहिला, पुन्हा पत्री बदलली.

याचे तोटेही आहेत. कमी उघडणाऱ्या लेन्सवर वर्तुळाचा अर्धा भाग काळा पडतो. काही कॅमेऱ्यांत प्रकाशाचे मोजमापही थोडे चुकते. सगळ्याच कॅमेऱ्यांत काच बदलता येत नाही, आणि आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांत ती नसतेच. तिथे चित्र मोठे करून फोकस साधता येतो. शिवाय काच बदलण्याआधी डोळ्याजवळचे छोटे चक्र फिरवून ते आपल्या नजरेला जुळवून घ्यावे. कित्येकदा तेवढ्यानेच काम भागते.

घरी येऊन अम्मीला पुन्हा त्याच खुर्चीत बसवले. पापणीची कड वर्तुळात आणली आणि रिंग हळूहळू फिरवत राहिलो. "बेटा, और कित्ता टाइम?" ती हसून म्हणाली. तेवढ्यात कड जुळली.

अम्मी आता नाही. त्या फोटोत बाळी किंचित धूसर आहे. डोळे मात्र स्पष्ट आहेत.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)