विश्लेषण : आठ दिवसांचे हिमनगर! साप्पोरोची शिल्पे कशी घडतात, त्यांना हिम का कमी पडू लागले? मित्रांसोबत जाताना काय लक्षात घ्यावे?

मनाली झाले, गुलमर्ग झाले, की मित्रमंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पुढचे नाव निघते ते जपानचे. त्यातही फेब्रुवारीत जायचे असेल तर साप्पोरोचे. चार-पाच मजली इमारतीएवढी पांढरीशुभ्र शिल्पे, त्यांच्यावर रात्री खेळणारे दिवे आणि चहूकडे हिमच हिम. अशी छायाचित्रे पाहून बेत पटकन ठरतो. मात्र हा सोहळा जेमतेम आठ दिवसांचा असतो. तारीख चुकली तर पाहायला काहीच उरत नाही. आणि ज्या हिमामुळे हे सारे शक्य होते, त्या हिमाचीही आता खात्री राहिलेली नाही.

महोत्सव नेमका कुठे आणि कधी?

साप्पोरो हे जपानच्या उत्तरेकडील होक्काइदो बेटाचे मुख्य शहर. लोकसंख्या सुमारे २० लाख. महोत्सवाला जपानीत ‘युकी मात्सुरी’ म्हणतात. युकी म्हणजे हिम, मात्सुरी म्हणजे उत्सव. अलीकडे तो साधारणपणे ४ ते ११ फेब्रुवारी या काळात भरतो. मुख्य ठिकाण म्हणजे शहराच्या मधोमध सुमारे दीड किलोमीटर लांब पसरलेले ओदोरी उद्यान. येथे हिमाची शिल्पे असतात. जवळच्या सुसुकिनो या खाण्यापिण्याच्या भागात पारदर्शक बर्फाची शिल्पे मांडली जातात. शहराच्या ईशान्येला असलेले त्सुदोमे हे मैदान मुलाबाळांसाठी. तेथे हिमाच्या घसरगुंड्या आणि खेळ असतात. ओदोरीत प्रवेशाला तिकीट नाही, फाटकही नाही. ते शहराचे नेहमीचे उद्यानच आहे.

सुरुवात कशी झाली?

दुसरे महायुद्ध संपून पाचच वर्षे झाली होती. ओदोरी उद्यान तेव्हा हिवाळ्यात रस्त्यांवरचे हिम आणून टाकण्याची जागा होती. १९५० मध्ये शहरातील शालेय विद्यार्थ्यांनी त्याच हिमातून सहा पुतळे उभे केले. पाहायला ५० हजारांहून अधिक लोक आले. आयोजकांनाही इतकी गर्दी अपेक्षित नव्हती. पुढे १९५३ मध्ये १५ मीटर उंचीचे शिल्प उभारले गेले, तर १९५५ पासून जपानचे स्वसंरक्षण दल, म्हणजे तेथील लष्कर, शिल्पे घडवू लागले.

जगाचे लक्ष गेले ते १९७२ मध्ये. त्या वर्षी साप्पोरोत आशियातील पहिले हिवाळी ऑलिम्पिक झाले. टीव्हीवरून खेळांबरोबर हा महोत्सवही घरोघरी पोहोचला. १९७४ पासून आंतरराष्ट्रीय हिमशिल्प स्पर्धा सुरू झाली. २०१९ च्या सत्तराव्या महोत्सवाला २७ लाखांहून अधिक भेटींची नोंद झाली. म्हणजे शहराच्या लोकसंख्येहूनही जास्त!

हिम आणि बर्फ यांत फरक काय?

मराठीत बोलताना आपण दोन्हींना ‘बर्फ’च म्हणतो. उसाच्या रसातला तोही बर्फ आणि सिनेमात नायिकेवर पडतो तोही बर्फ. शिल्पकारासाठी मात्र या दोन पूर्णपणे वेगळ्या वस्तू आहेत. बर्फ म्हणजे गोठलेल्या पाण्याची सलग लादी. तो काचेसारखा पारदर्शक असतो आणि छिन्नी, करवतीने कापला जातो. हिम म्हणजे आकाशातून पडलेले सूक्ष्म स्फटिक आणि त्यांच्यामध्ये अडकलेली हवा. या असंख्य स्फटिकांवरून प्रकाश सर्व दिशांना विखुरतो, म्हणून हिम पांढरे दिसते.

ताजे हिम कापसासारखे हलके असते. एक घनमीटर ताज्या कोरड्या हिमाचे वजन १०० किलोच्या आतबाहेर भरते. तेवढ्याच आकाराच्या सलग बर्फाचे वजन मात्र ९०० किलोंहून अधिक असते. शिल्पासाठी लागते ते या दोहोंच्या मधले, दाबून घट्ट केलेले हिम.

भुसभुशीत हिमाचे शिल्प टिकते कसे?

यामागे साधे विज्ञान आहे. हिमाचे कण एकमेकांवर दाबले गेले की जिथे ते टेकतात तिथे हळूहळू जोड तयार होतो. कण पूर्ण वितळत नाहीत, पण सांधले जातात. या प्रक्रियेला ‘सिंटरिंग’ म्हणतात. फ्रीझरमध्ये ठेवलेले बर्फाचे सुटे खडे काही दिवसांनी एकमेकांना चिकटतात, त्यामागेही बऱ्याच अंशी हेच कारण असते.

प्रत्यक्ष काम जानेवारीतच सुरू होते. मालमोटारींतून आणलेले स्वच्छ हिम लाकडी साच्यात भरतात. आपल्याकडे काँक्रीटच्या खांबाला फळ्या ठोकतात, तशीच ही रचना. प्रत्येक थर पायांनी तुडवून घट्ट केला जातो. काही काळाने फळ्या काढल्या की समोर एक प्रचंड ठोकळा उभा असतो. मग पराती बांधून फावडी, कुऱ्हाडी आणि खरवडण्याच्या अवजारांनी वरून खाली आकार कोरला जातो. शेवटी पाणी मिसळलेल्या शुभ्र हिमाचा लेप देतात. त्याला जपानी कारागीर ‘शृंगाराचे हिम’ म्हणतात. शिल्प मळले की हाच लेप पुन्हा दिला जातो.

मोठ्या शिल्पांच्या कामात लष्कराचे जवान आणि स्वयंसेवकांचा वाटा मोठा असतो. याशिवाय सामान्य नागरिकांचे गटही सोडतीत नंबर लागला तर दोन मीटरच्या चौकोनात आपले छोटे शिल्प घडवतात. ऑफिसमधले सहकारी, शाळेचे वर्ग किंवा मित्रांचे गट दिवसभराचे काम संपवून रात्री येथे हिम कोरताना दिसतात.

साप्पोरोत इतके हिम पडते कसे?

साप्पोरो ४३ अंश उत्तर अक्षांशावर आहे. फ्रान्सचे मार्सेय शहरही साधारण त्याच अक्षांशावर, पण तेथे हिवाळा सौम्य असतो. फरक आहे तो वाऱ्याचा. सैबेरियातून येणारे कोरडे, गोठवणारे वारे जपानच्या समुद्रावरून वाहतात. समुद्राचे पाणी त्या मानाने उबदार असल्याने वारे तेथून बाष्प उचलतात आणि होक्काइदोच्या डोंगरांना धडकून ते हिमाच्या रूपात ओततात. आपल्याकडे अरबी समुद्रावरून आलेले मोसमी वारे सह्याद्रीला अडून कोकणात पाऊस पाडतात, त्याचेच हे थंडीतले रूप म्हणता येईल. संपूर्ण हिवाळ्यात साप्पोरोत पडणाऱ्या हिमाची बेरीज सरासरी पावणेपाच मीटरच्या घरात जाते.

मग हिम कमी का पडू लागले?

महोत्सवासाठी सुमारे ३० हजार टन हिम लागते. ते शहराबाहेरून, डोंगराकडच्या भागातून मालमोटारींच्या हजारो फेऱ्यांनी येते. २०२० च्या हिवाळ्यात हिमवर्षाव इतका कमी झाला, की नेहमीपेक्षा बऱ्याच लांबून हिम आणावे लागले. मुलांच्या घसरगुंड्यांची लांबीही कमी करावी लागली. त्यात करोनाची भीती पसरली आणि पर्यटक सुमारे सात लाखांनी घटून २० लाखांवर आले. २०२१ चा महोत्सव फक्त ऑनलाइन झाला, २०२२ मध्ये प्रत्यक्ष सोहळा रद्द झाला आणि २०२३ मध्ये शिल्पे पुन्हा उद्यानात उभी राहिली.

करोना गेला, पण उष्मा गेलेला नाही. शतकभरात साप्पोरोचे सरासरी तापमान दोन अंशांहून अधिक वाढले आहे. त्यात जागतिक तापमानवाढीबरोबर शहरीकरणाचाही वाटा आहे. दोन अंश हा आकडा लहान वाटतो. मात्र फेब्रुवारीत तेथील दिवसाचे तापमान शून्याच्या आसपासच असते. म्हणजे शिल्प उभे आहे ते अगदी काठावर. उणे २० वरून उणे १८ झाले तर शिल्पाला काहीच होत नाही, उणे एकवरून अधिक एक झाले तर ते पाझरू लागते. साप्पोरोची खरी अडचण हीच आहे.

दुसरीकडे, याच शहरात फेब्रुवारी २०२२ मध्ये २४ तासांत ६० सेंटिमीटर हिम कोसळून रेल्वे ठप्प झाली होती. म्हणजे प्रश्न केवळ कमी हिमाचा नाही. ते कधी आणि किती पडेल, याचा भरवसा कमी होत चालल्याचा आहे. आपल्या पावसाबाबत शेतकऱ्यांची तक्रार याहून वेगळी नाही.

महोत्सव संपल्यावर शिल्पांचे काय होते?

ती पाडली जातात, तीही लगेच. समारोपानंतर यंत्रे येतात आणि कित्येक दिवसांची मेहनत काही तासांत ढिगारा होते. थंडी ओसरू लागली की शिल्प आतून कमकुवत होते आणि त्याचे तुकडे लोकांवर कोसळू शकतात, हे त्यामागचे कारण. अनेक साप्पोरोकर हे पाडकाम पाहायला मुद्दाम येतात. आपल्याकडे विसर्जन पाहणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. पर्यटकांसाठी मात्र याचा अर्थ सरळ आहे. तिकीट काढताना १२ फेब्रुवारीला पोहोचणारे विमान स्वस्त दिसले, तरी ते उपयोगाचे नाही.

साप्पोरोच का, हार्बिन किंवा क्यूबेक का नाही?

हिवाळी उत्सवांत ही तीन नावे बरोबरीने घेतली जातात. चीनच्या हार्बिनमध्ये १९६३ पासून बर्फाच्या कंदिलांचा उत्सव होत असे. १९८५ पासून तो मोठ्या हिम-बर्फ महोत्सवाच्या रूपात होतो. त्याचे औपचारिक उद्घाटन ५ जानेवारीला होते. सोंगहुआ नदीतून कापलेल्या बर्फाच्या लाद्यांचे तेथे अख्खे शहर रचतात. ते आठवडेच्या आठवडे टिकते, कारण पारा उणे २० च्याही खाली असतो. कॅनडातील क्यूबेकचा हिवाळी कार्निव्हल सध्याच्या रूपात १९५५ पासून भरतो. त्यात शिल्पांबरोबर मिरवणुका आणि खेळांना महत्त्व आहे. भव्यता हवी तर हार्बिन, मिरवणूक हवी तर क्यूबेक. थंडी त्यातल्या त्यात सोसण्याजोगी आणि सारे पायी फिरता येण्याजोगे हवे, तर साप्पोरो.

गटाने जाताना नियोजन कसे करावे?

मुंबईहून साप्पोरोला थेट विमान नाही. बहुतेक जण टोकियोमार्गे जातात. टोकियोहून न्यू चितोसे विमानतळ दीड तासावर आणि तेथून रेल्वेने शहर पाऊण तासाच्या आत. बुलेट ट्रेन अजून साप्पोरोपर्यंत पोहोचलेली नाही. जपानसाठी भारतीयांना व्हिसा लागतो. महोत्सवाच्या आठवड्यात हॉटेलांचे दर चढतात. त्यातच चांद्र नववर्षाची सुट्टी आली तर चीन, तैवानकडचीही गर्दी वाढते. म्हणून कित्येक महिने आधी खोल्या राखून ठेवणे श्रेयस्कर.

परतीचे आंतरराष्ट्रीय विमान आणि साप्पोरोहून निघण्याचा दिवस यांत किमान एक मोकळा दिवस ठेवावा. हिमवादळात न्यू चितोसेची उड्डाणे रद्द होतात. आठ जणांची पुढची तिकिटे एकदम बुडाली तर सहलीबरोबर मैत्रीलाही फटका बसतो.

आणखी एक गोष्ट निघण्यापूर्वीच बोलून घ्यावी. गटात कुणाला दिवसभर स्कीइंग करायचे असते, कुणाला फक्त फोटो हवे असतात, तर कुणाला दोन तासांत थंडी असह्य होते. सर्वांनी सतत एकत्र असण्याचा आग्रह धरला की कुरबुरी सुरू होतात. दुपारी ज्याला जे हवे ते करावे आणि संध्याकाळी दिवे लागल्यावर ओदोरीच्या पूर्व टोकाला टीव्ही टॉवरखाली जमावे, हे सोयीचे. चुकामूक झाली तरी तो टॉवर लांबूनही दिसतो. तेथील अनेक उपाहारगृहे लहान असतात. आठ जणांना एकत्र टेबल हवे असेल तर आधी आरक्षण करावे, नाहीतर चार-चारचे दोन गट करावेत.

थंडी, घसरण आणि जेवण यांचे काय?

फेब्रुवारीत रात्रीचा पारा उणे सहा-सातपर्यंत उतरतो. एकच जाड स्वेटर घालण्यापेक्षा पातळ कपड्यांचे तीन थर बरे. दुकाने आणि रेल्वेत हीटर सुरू असतात, त्यामुळे आत शिरल्यावर थर काढता यायला हवेत. मात्र थंडीपेक्षा मोठा धोका घसरण्याचा आहे. तुडवलेले हिम काचेसारखे गुळगुळीत होते आणि दर हिवाळ्यात शेकडो लोकांना पडून झालेल्या दुखापतींमुळे रुग्णवाहिकेतून न्यावे लागते. यात स्थानिकही असतात. बुटांना लावायचे काटेरी पट्टे तेथील दुकानांत मिळतात. चौकाचौकांत वाळूच्या पिशव्या ठेवलेल्या पेट्या असतात. ती वाळू कुणीही रस्त्यावर टाकावी, अशीच अपेक्षा असते. छोटी पावले टाकत, पाय सपाट ठेवून चालावे. ज्येष्ठ मंडळी सोबत असतील तर साप्पोरो स्थानक ते ओदोरी हा भुयारी पादचारी मार्ग वापरावा. तो पुढे सुसुकिनोच्या दिशेनेही जातो.

थंडीत फोनची बॅटरी झपाट्याने उतरते. फोन आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवावा. बाहेरून एकदम उबदार खोलीत आल्यावर कॅमेऱ्यावर बाष्प जमते, म्हणून तो काही वेळ बॅगेतच राहू द्यावा.

जेवणात मराठी जिभेला जवळचे वाटेल असे ‘सूप करी’ साप्पोरोत जागोजागी मिळते. ही पातळ, मसालेदार रश्शासारखी कढी भाताबरोबर खातात. शाकाहारींनी मात्र एक प्रश्न जरूर विचारावा. वर भाज्या दिसल्या तरी रस्सा बहुधा कोंबडीचा किंवा मासळीच्या अर्काचा असतो. हे वाक्य जपानीत लिहून फोनमध्ये ठेवले, तर आठही दिवस उपयोगी पडते.