सकाळची धार

न्यूक्लिअर मेडिसिन विभागाचं काम ओपीडी उघडण्याआधीच सुरू होतं. शिशाचं जाड कवच असलेल्या जनरेटरवर एकीकडे सलाईनची कुपी बसवतात, दुसरीकडे हवा काढून घेतलेली रिकामी कुपी. त्या पोकळीच्या ओढीने सलाईन आतल्या ॲल्युमिनाच्या नळीतून खेचलं जातं. ॲल्युमिनाला धरून बसलेलं मॉलिब्डेनम-९९ जागचं हलत नाही. त्याच्यापासून रात्रभरात तयार झालेलं टेक्नेशियम-९९एम तेवढं सलाईनबरोबर बाहेर येतं. मिनिटाभरात कुपीत पाण्यासारखा नितळ द्रव! शिशाच्या काचेआडून मी हे पाहिलं आणि तेव्हापासून या यंत्राने मला वेड लावलंय. परदेशातले तंत्रज्ञ त्याला लाडाने गायच म्हणतात. दुसऱ्या सकाळी पुन्हा धार काढायची. आठवडाभर ती दूध देते, रोज थोडं कमी.

सगळी करामत अर्धायुष्यात, म्हणजे किरणोत्सार निम्म्यावर यायला लागणाऱ्या वेळात आहे. मॉलिब्डेनमचं ६६ तास, म्हणजे अणुभट्टीपासून दूरच्या गावातल्या रुग्णालयापर्यंत पोचायला पुरेसा वेळ. टेक्नेशियमचं फक्त ६ तास. तपासणी नीट उरकते, आणि चोवीस तासांनी त्याचा जेमतेम सोळावा भाग उरतो. इतर औषधं टिकावीत म्हणून आपण धडपडतो. इथे लवकर संपणं हाच मोठा गुण.

टेक्नेशियम सापडलं तेही टाकाऊ तुकड्यात. कॅलिफोर्नियातल्या सायक्लोट्रॉनमधली मॉलिब्डेनमची एक पट्टी तिथल्या लॉरेन्स या शास्त्रज्ञाने एमिलियो सेग्रेला टपालाने पाठवली आणि १९३७ साली पालेर्मोत सेग्रे व पेरिएर यांनी तिच्यातून ते वेगळं काढलं. पुढे अमेरिकेतल्या ब्रूकहेवन प्रयोगशाळेत जनरेटर तयार झाला.

मला सर्वांत भावतो तो बोन स्कॅन. टेक्नेशियम एका फॉस्फोनेटला जोडून शिरेत टोचतात. मग दोन-तीन तास थांबायचं, भरपूर पाणी प्यायचं, लघवीला जाऊन यायचं आणि गॅमा कॅमेऱ्याखाली निश्चल पडायचं. हाड जिथे नव्याने घडतंय तिथे हे द्रव्य जास्त जमतं. एक्स-रेत हाडाचा आकार दिसतो, इथे हाडाचं चाललेलं काम दिसतं. म्हणून धावपटूच्या नडगीतली बारीक चीर किंवा हाडात शिरलेला कर्करोग एक्स-रेच्या आधीच सापडू शकतो.



पण साठवता न येणाऱ्या वस्तूची पुरवठासाखळी नाजूक असते. २००९ मध्ये कॅनडातल्या चॉक रिव्हरची जुनी अणुभट्टी गळतीमुळे बंद पडली आणि अनेक देशांत तपासण्या पुढे ढकलाव्या लागल्या. गोदामातून काढून द्यायला साठाच नव्हता. स्वतःची अणुभट्टी असणं ही माझ्या मते वीजनिर्मितीइतकीच आरोग्याचीही गरज आहे.

आयोडीन-१३१ची तऱ्हा निराळी, ते उपचारही करतं. थायरॉइडच्या कर्करोगात शस्त्रक्रियेनंतर उरलेल्या पेशी ते स्वतःहून शोषून घेतात. त्याचे बीटा कण ऊतीत दीड-दोन मिलिमीटरच जातात, त्यामुळे मारा मुख्यतः त्या पेशींवरच होतो; सोबतच्या गॅमा किरणांवर कॅमेरा चित्रही घेतो. आधी काही दिवस आयोडीनयुक्त मीठ बंद, मग मोठी मात्रा असेल तर स्वतंत्र खोलीत मुक्काम. घरचे दाराबाहेर घाबरून उभे असतात. ही खोली काही दिवसांपुरतीच का असते, हे त्यांना डॉक्टरांनी आधीच बसवून नीट सांगायला हवं: अर्धायुष्य आठ दिवसांचं आहे आणि शरीर तर बरंचसं आयोडीन पहिल्या दोन दिवसांतच लघवीवाटे टाकून देतं.