शस्त्रे खाली ठेवताना

10 एप्रिल 1998 रोजी उत्तर आयर्लंडमध्ये शांतता करार झाला. तीस वर्षांच्या हिंसाचारात साडेतीन हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली होती. सशस्त्र संघटनांनी दोन वर्षांत निःशस्त्र व्हावे, अशी अपेक्षा होती. परंतु आयरिश रिपब्लिकन आर्मीच्या बाबतीत सप्टेंबर 2005 उजाडला. ब्रिटिशांच्या हाती शस्त्रे देणे तिला शरणागती वाटे. म्हणून कॅनडाचे जनरल जॉन डी चॅस्टेलेन यांच्या स्वतंत्र आयोगासमोर ती निकामी करण्यात आली. एक कॅथलिक व एक मेथडिस्ट धर्मगुरू साक्षीला होते. करारानुसार चारशेहून अधिक कैदीही मुदतीपूर्वी सुटले. मृतांच्या नातलगांना ते सोसावे लागले. इतिहास शिकवताना आम्ही सांगतो: शस्त्र खाली ठेवणाऱ्याची मान खाली जाऊ नये, आणि ज्यांनी किंमत मोजली त्यांचे विस्मरण होऊ नये.