मृतसाठ्यात न मावणारा गाळ

महागाव तालुक्यात वेणीजवळ पूस नदीवर निम्न पूस धरण उभे राहिले ते 1983च्या सुमारास. वर पुसदजवळ ऊर्ध्व पूस, खाली हे; पुढे नदी पैनगंगेला मिळते. मातीचा लांबलचक बांध, उपयुक्त साठा सुमारे 60 दशलक्ष घनमीटर. इथले पाणी सिंचनासाठी. पण पुराबरोबर उतरणारी माती धरण सिंचनाचे की विजेचे, हे बघत नाही.

धरण आखताना गाळाची जागा आधीच ठरवलेली असते. विमोचकाच्या उंबऱ्याखालचे पाणी म्हणजे मृतसाठा. गाळ तिथे बसेल आणि वरचा साठा शाबूत राहील, हा हिशेब. प्रत्यक्षात पुराचे पाणी फुगवट्याच्या टोकाशी शिरताच त्याचा वेग मरतो. वाळू, चुनखडे, जाड माती तिथेच पडते. भिंतीपर्यंत पोचते ती बारीक काळी माती. मृतसाठा भरायच्या आधीच उपयुक्त साठ्याला ओहोटी लागते ती अशी.

त्यात जुलै महिना सर्वांत वाईट. कपाशी-सोयाबीन वीतभर, डवरणीने माती नुकतीच मोकळी झालेली, रान जवळजवळ उघडे. 22 जुलै 2023 ला महागाव तालुक्यात झालेली अतिवृष्टी अशाच वेळी आली. आनंदनगर तांड्यावर 45 जण अडकले, हवाई दलाची हेलिकॉप्टर मागवावी लागली. वर्षाचा बराचसा गाळ अशा दोन-चार दिवसांतच वाहून येतो.

हा गाळ वीजघरांनाही नडतो. शेजारच्या खोऱ्यात, पूर्णा नदीवर, येलदरीचे 22.5 मेगावॅटचे वीजघर आहे. आपल्याकडे 25 मेगावॅटपर्यंतची वीजघरे लघु जलविद्युत धरतात, म्हणून तेही त्याच रांगेतले. हिमालयात गारगोटीची वाळू टर्बाइनची पाती खरवडते. दख्खनची काळी माती मऊ; ती यंत्रापेक्षा साठाच जास्त खाते. साठा आटला की उन्हाळ्यात चक्र फिरवायला पाणीच उरत नाही.

उपाय म्हणून 2017 मध्ये सुरू झालेली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आहे. लहान तलावांना ती लागू पडते, मुरमाड रानाला गाळ मानवतोही. पण मोठ्या जलाशयात जेसीबी फक्त उघड्या पडलेल्या काठापर्यंत जातो. शिवाय हिशेब बघा: खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी 47 हजारांची मदत, आणि तीच माती धरणातून उपसून पुन्हा शेतात पसरायला एकरी 15 हजारांपर्यंतचे अनुदान. एकाच मातीचे पैसे सरकार दोनदा मोजते, आणि ती रानातून निघू नये यासाठीचा खर्च मात्र हात राखून होतो. हे उलटे आहे.

पाणलोटातल्या शेतकऱ्यांनी येत्या मृगात तिफण उताराला आडवी चालवावी, फुटलेले धुरे पेरणीआधी बांधून घ्यावेत. आणि कृषी विभागाने त्या धुऱ्यांचे पैसे पूर यायच्या आधी द्यावेत.