गोळी पाळीच्या कोणत्या दिवशी घेता?

पाळीत ओटीपोटात कळा येतात, कारण गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात आणि त्यांच्यामुळे गर्भाशयाचे स्नायू आवळतात. मेफेनॅमिक ॲसिड, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, नेप्रोक्सेन या गोळ्या ही रसायनं बनवणाऱ्या कॉक्स या विकरालाच अडवतात. म्हणून कळा थांबतात. ॲस्पिरिन असंच काम करतं हे जॉन व्हेन यांनी 1971 मध्ये दाखवलं. 1982 च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता.

याच प्रोस्टाग्लँडिनची शरीराला दर महिन्याला आणखी एका कामासाठी गरज असते, तीही अंडाशयात.

चक्र 28 दिवसांचं धरलं, तर चौदाव्या दिवसाच्या आसपास एलएच हे संप्रेरक एकदम वाढतं. तोवर अंडाशयातली बीजपुटिका साधारण दोन सेंटिमीटरची झालेली असते. एलएच वाढलं की तिच्यात प्रोस्टाग्लँडिन तयार होऊ लागतं, भिंत एका जागी विरत पातळ होते आणि सुमारे दीड दिवसात पुटिका फुटून स्त्रीबीज बाहेर पडतं. गर्भनलिका ते उचलून घेते.

नेमक्या या दिवसांत रोज गोळ्या चालू असतील, तर पुटिका न फुटण्याची शक्यता असते. बीज आतच राहतं. प्रोजेस्टेरॉन मात्र तयार होतं आणि पाळीही जवळपास वेळेवर येते, त्यामुळे बाईला काहीच जाणवत नाही. हे उघड होतं ते फॉलिक्युलर स्टडीच्या सोनोग्राफीत: फुटून आक्रसायला हवी होती ती पुटिका तशीच भरलेली दिसते.

2015 मध्ये इराकी संशोधकांनी पाठदुखीच्या 39 स्त्रियांवरचा अभ्यास मांडला. त्या स्त्रियांनी चक्राच्या दहाव्या दिवसापासून दहा दिवस गोळ्या घेतल्या होत्या. डायक्लोफिनॅक घेणाऱ्यांत बीज सुटलं ते जेमतेम 6 टक्क्यांत, नेप्रोक्सेन घेणाऱ्यांत 25 टक्क्यांत. अभ्यास लहान होता, पण दिलासा देणारी गोष्टही त्यातच होती: गोळ्या थांबवल्यावर पुढच्या चक्रात बीज पुन्हा सुटू लागलं.

म्हणून पाळीच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत, डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत घेतलेल्या गोळीची धास्ती घेऊ नका. बीज सुटायला तेव्हा अवकाश असतो. काळजी घ्यायची ती बाळासाठी प्रयत्न चालू असताना कंबरदुखी, डोकेदुखी किंवा संधिवातासाठी रोज गोळी घेणाऱ्यांनी. संधिवाताची औषधं परस्पर बंद करू नका. डॉक्टर पर्याय सुचवू शकतात. पॅरासिटामॉल वेगळ्या पद्धतीने काम करतं, पण अनेक गोळ्यांत त्याच्या जोडीला आयबुप्रोफेन असतं. पाकिटामागची बारीक अक्षरं वाचा.

दिवस गेले असतील, तर विसाव्या आठवड्यानंतर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय प्रोस्टाग्लँडिन अडवणाऱ्या या गोळ्या घेऊच नका. बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2020 मध्ये दिला आहे.

आणि दुखणं महिन्यागणिक वाढत असेल, गोळ्यांची संख्याही वाढत असेल, तर कारण एंडोमेट्रिओसिस असू शकतं. गोळीने कळ दबते, आजार आत वाढत राहू शकतो. पाळीच्या तारखांशेजारी गोळ्यांच्या तारखा आणि नावं लिहून ठेवा आणि तो कागद स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. गोळी मेडिकलमधून स्वतःच आणली असली, तरी तीही लिहा.