हळद काळी, कुंकू काळं

हिंगोली जिल्ह्याच्या औंढा नागनाथ तालुक्यातलं शिरड शहापूर बाहेरगावच्या लोकांना ठाऊक असतं ते मल्लिनाथाच्या दिगंबर जैन मंदिरामुळे. आसपासचा पट्टा मात्र हळदीचा. हळद शिजवून, वाळवून, पॉलिश करायचे दिवस आले की राबणाऱ्यांच्या हातांवर, कपड्यांवर, अगदी भुवयांवरही पिवळी धूळ बसते. अशा दिवसांत तिथल्या रस्त्यावर एखाद्या अनोळखी बाईला विचारून तिचा कृष्णधवल फोटो काढला, तर कपाळावरची हळद आणि कुंकू त्यात कसं दिसेल?

वाटतं, हळद फिकट आणि कुंकू गडद दिसणार. पण याला निदान तीन उत्तरं आहेत, आणि तिन्ही बरोबर आहेत!

पहिलं उत्तर 1851 सालचं. फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रज माणसाने काचेवर ओला कोलोडियन लावून फोटो काढायची रीत शोधली. त्या काचेला फक्त निळा, जांभळा आणि त्यापलीकडचा अतिनील प्रकाश कळायचा. हळदीतलं कर्क्युमिन नेमका हाच निळा-जांभळा प्रकाश गिळतं, म्हणून तर हळद पिवळी दिसते. मग काचेपर्यंत पोचणार काय? हळद काळी, कुंकूही काळं. उलट निळं आभाळ पांढरंफटक! जुन्या फोटोंत ढग सहसा दिसत नाहीत ते याचमुळे.

दुसरं उत्तर बर्लिनचं. 1873 मध्ये हेर्मान फोगेल यांच्या लक्षात आलं की काचेवरच्या रसायनात ठरावीक रंगद्रव्य मिसळलं, की तिला हिरवा-पिवळा प्रकाशही जाणवू लागतो. झालं, हळद उजळली! कुंकू मात्र काळंच राहिलं, कारण लाल अजूनही तिला दिसत नव्हता. स्टुडिओच्या अंधाऱ्या खोलीत लाल दिवा का चालायचा, याचं कारणही हेच. फोटोच्या कागदालेखी तो दिवा बंदच असायचा.

तिसरं उत्तर विसाव्या शतकाचं. 1906 च्या सुमाराला सगळे रंग ओळखणाऱ्या काचा बाजारात आल्या. आता हळद फिकट, कुंकू राखाडी. पण भिंगावर लाल काच चढवा, आणि कुंकू आसपासच्या त्वचेइतकंच उजळ होऊन जवळजवळ दिसेनासं होतं. ठसठशीत कुंकू लावलेलं कपाळ फोटोत कोरं!

गंमत म्हणजे पारंपरिक कुंकू हळदीचंच केलेलं असतं. क्षार लागला की कर्क्युमिन रंग बदलतं. आधी निळा प्रकाश गिळणारं द्रव्य आता हिरवाही गिळू लागतं आणि उरतो लाल. हळदीचा हात साबणाने धुताना पाणी लालसर होतं, तो हाच चमत्कार. एकाच कंदातून निघालेल्या दोन चिमटी, पण फोगेल यांच्या काचेला एक दिसते आणि दुसरी दिसत नाही.

जे कुंकवाचं, तेच कातडीचं. त्वचेतलं मेलॅनिन निळा प्रकाश जास्त गिळतं, लाल त्यामानाने कमी. म्हणून निळ्या प्रकाशात टिपलेला चेहरा सावळा, खडबडीत येतो. उन्हाने पडलेला प्रत्येक डाग वर येतो. लाल प्रकाशात तोच चेहरा उजळ आणि तुकतुकीत. इंग्रज सरकारने 1868 ते 1875 या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ हे आठ खंड छापले. त्यांत माणसं जाती-जमातींचे नमुने म्हणून मांडलेली आहेत. त्या चेहऱ्यांचा काळेपणा किती त्यांचा आणि किती काचेवरच्या रसायनाचा, हा प्रश्न ते खंड चाळताना मनात ठेवावा. त्याआधी, 1850 च्या दशकात, मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हेही माणसांचे फोटो काढत होते. काचेची खोड त्यांनाही चुकली नसणार.

आज ही सगळी उत्तरं खिशात असतात. मोबाइलच्या सेन्सरवर लाल, हिरव्या, निळ्या गाळण्यांची बारीक नक्षी असते. कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांनी 1976 मध्ये तिचं पेटंट मिळवलं. फोटो आधी रंगीतच टिपला जातो, मग त्याचा कृष्णधवल होतो. एडिटिंग ॲपमध्ये कृष्णधवल करताना प्रत्येक रंग वेगळा उजळता येत असेल, तर पिवळा खाली ओढा: हळद काळी. लाल वर न्या: कुंकू गेलं. दीडशे वर्षांचा इतिहास अंगठ्याखाली सरकतो.

रस्त्यावर आणखी एक चकवा असतो. समोरचं सगळं मिळून मध्यम राखाडी, म्हणजे साधारण 18 टक्के प्रकाश परतवणारं, आहे असं कॅमेरा धरून चालतो. पांढरं धोतर, पांढरी टोपी, मागे चुन्याची भिंत असं दृश्य दिसलं की तो प्रकाश कमी करतो आणि म्हाताऱ्याचा चेहरा काळाठिक्कर पडतो. उपाय सोपा: प्रकाशाचं माप चेहऱ्यावर घ्यायचं. मोबाइलवर चेहऱ्याला बोट लावलं तरी भागतं. दुपारच्या उन्हात डोळ्यांच्या खोबणी अंधारतात. तेव्हा माणसाला दुकानाच्या पत्र्याखाली, सावलीच्या कडेशी उभं करायचं आणि तोंड उजेडाकडे ठेवायचं.

एवढं कळलं की कृष्णधवल फोटो ‘रंग काढून टाकलेला’ फोटो वाटत नाही. कुठल्या रंगाला किती उजेड द्यायचा, हे त्यात कुणीतरी ठरवलेलं असतं. सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे फोटो कृष्णधवलमध्ये काढले. त्यांना 2016 मध्ये पद्मश्री मिळाली. त्या फोटोंत कामगार कुठल्या खंडातले नमुने नाहीत, समोर उभी असलेली माणसं आहेत. उजेड आणि काळोख इतका आपल्या हातात असताना त्या माणसांचं माणूसपण राखणं, हीच खरी कसोटी.

म्हणून अनोळखी माणसाचा फोटो काढायचा तर आधी विचारावं, हे झालंच. त्यापुढे एक करून पाहण्यासारखं आहे. तिथेच, त्याच्यासमोर, एकाच फोटोची तीन रूपं करावीत: एक निळ्या प्रकाशातलं, एक हिरव्यातलं, एक लालमधलं. आणि विचारावं, यातला तुमचा कुठला? राखाडीची कुठली छटा आपली, हे ठरवायचा हक्क ज्याचा चेहरा त्याचा. ‘द पीपल ऑफ इंडिया’तल्या माणसांना तो मिळाला नव्हता, शिरड शहापूरच्या रस्त्यावर तो द्यायला फार तर दोन मिनिटं लागतील.